सासऱ्यांची नाभी

माझ्या सासऱ्यांच्या पोटात काय झालंय हे अमरावतीच्या सीटी स्कॅनला कळलं होतं. नांदगाव खंडेश्वरहून भेटायला आलेल्या मंडळींना त्याहून बरंच जास्त कळत होतं.

झालं असं, की रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, सासऱ्यांची, भगवंतरावांची, मोटरसायकल पडली आणि हँडल पोटात बसलं. वरून खरचटलंही नाही, डाव्या बरगडीखाली फक्त रुपयाएवढा निळा डाग. ते घरी आले, भाकर खाल्ली आणि डावा खांदा दुखतो म्हणून दिवसभर बाम चोळून घेतला. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

डॉक्टर अदितींनी सीटीचे फोटो समजावून सांगितले. पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, भोवती रक्त साचलं होतं, आणि खांदा त्या रक्तामुळेच दुखत होता. "रक्त सध्या थांबलेलं दिसतंय, म्हणून ऑपरेशन करत नाही. त्यांना पडून राहू द्या, नाडी-बीपी आम्ही बघतो. पोटाला कुणीही हात लावायचा नाही. दाबलं तर पुन्हा फुटेल."

शेवटची दोन वाक्यं मी नीट ऐकली. बाकीच्यांनी 'ऑपरेशन करत नाही' एवढंच ऐकलं, आणि त्यांचा अपमान झाला. एवढ्या मोठ्या माणसाला आणून नुसतं झोपवून ठेवायचं म्हणजे काय?

सासऱ्यांचे चुलतभाऊ देवमनकाका यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तीही उलटी. त्यांनी एकदा आपल्या बैलाचा एक्स-रे पाहिला होता, त्यामुळे या विषयात त्यांचाच शब्द शेवटचा.

"काहून हो जवाईबापू, याच्यात नाभी कुठी दिसून राहिली?"

"सीटीत नाभी पाहत नाहीत, काका."

"तेच म्हनतो मी. भगवंताची नाभी सरकली, अन् मशीन पानथरी पाहून राहिली. पार्वताबाईले आनतो. दोन मिनटात बसवते ते."

पार्वताबाई गावात तेल लावून, पोट दाबून सरकलेली नाभी जागेवर बसवतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मी तिथेच अडवायला हवं होतं. पण जावयाने सासरी जेवावं, बोलू नये, ही आमच्याकडची रीत मला त्या दिवशी फार सोयीची वाटली. वॉर्डात एका वेळी एकच माणूस सोडत, आणि पास माझ्या खिशात होता. काकांनी हात पुढे केला, मी पास दिला. माझी मलाच लाज वाटते.

चार वाजता पार्वताबाई पदराखाली तेलाची बाटली घेऊन आत गेल्या. मी दाराच्या काचेतून बघत होतो. सासऱ्यांनी आज्ञाधारकपणे शर्ट वर केला. बाईंनी पोटावर हळूच हात टेकवला आणि लगेच उचलला. मग त्यांनी सासऱ्यांची नखं पाहिली, त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, आणि बाटली न उघडताच बाहेर आल्या.

"डॉक्टरीनबाईले बोलवा लवकर. पोट फुगून राहिलं त्याइचं, अंग थंडं पडलं."

काका गुरकावले, "अवं, तू दाबून तं पाह्य."

"सरकलं असतं तं बसवलं असतं. हे अंदर फुटलं हाये. म्या दाबलं तं मरते मानूस."

पुढचं सगळं धावपळीत झालं. पानथरी काढून टाकावी लागली, पण सासरे वाचले. जेवणाच्या वेळेपर्यंत काका सगळ्यांना सांगत होते की मशीनची चूक आपण आणलेल्या बाईने पकडली. नांदगावात आजही तसंच सांगतात.

पार्वताबाई गाडीला जायच्या आधी पास परत द्यायला आल्या.

"डॉक्टरीनबाई मले रागावल्या. म्हने, पोटाले हात लावू नका म्हनून घरच्याइले सांगतलं होतं. मले तं कोनीच नाही सांगतलं. तुमाले मालूम होतं काय, जवाईबापू?"

मी त्यांना चहा घेणार का, असं विचारलं.