उजवीकडचं बाक

सरिताबाई शाळेत परत रुजू झाल्या, तेव्हा त्यांची रूथ जाऊन वर्ष होत आलं होतं. एकुलती एक लेक. तापाचं निमित्त झालं, ताप छातीत उतरला आणि पोर हातची गेली.

साखरा गावाच्या वाटेवर एक छोटं चर्च आहे, त्याला लागूनच ही शाळा. शिक्षणाची सुरुवात उपासनेनं व्हावी, हा चर्चच्या पाळकसाहेबांचा हट्ट. त्यानंतर व्याकरण, पाठांतर, थोडी लॅटिनसुद्धा. रोज सकाळी घंटा झाली की पोरं आधी चर्चमध्ये बसायची आणि स्तोत्र म्हणायची. एक ओळ बाईंची, एक पोरांची. ख्रिस्ती घरं मोजकीच. बाकीच्या लेकरांवर सक्ती नव्हती, तरी तीही येऊन बसायची. उजवीकडच्या बाकांवर खिडकीतून ऊन यायचं, म्हणून सगळी डावीकडे दाटीवाटीनं.

पहिल्याच सकाळी पोरांची ओळ संपली, आणि उजवीकडून कुणीतरी तीच ओळ मागाहून म्हटली. शेवटचं अक्षर लांबवत.

रूथ असंच लांबवायची.

बाईंनी वळून पाहिलं. बाक रिकामं होतं. उन्हात धूळ तेवढी तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी पुढचं स्तोत्र घ्यायचं होतं. बाईंनी कालचंच घेतलं. आवाज आला. मग रोज तेच. आधी एकदा, मग दोनदा, मग घसे बसेपर्यंत. व्याकरणाचा तास बुडू लागला. पाळकसाहेबांनी हटकलं, तर बाई म्हणाल्या, "पाठांतर पक्कं होऊ द्या की." भीती कधीच सरली होती. आता धाक एकच, एखाद्या सकाळी आवाज आलाच नाही तर?

"बाई, तिकडं कोण म्हणून राहिलं?" एकदा पोरांतल्या आफिफानं मधेच विचारलं.

"कोणी न्हाई. तू पुढं म्हण."

त्यानंतर आफिफा शाळेत यायची बंद झाली. काही दिवसांनी तिची आजी हाजराबी आली आणि चर्चच्या पायरीवर टेकली.

"काहून येत न्हाई पोरगी?" बाईंनी विचारलं.

"शाळंचं नाव काढलं की रडती. म्हणती, तिकडच्या पोरीला लई तकलीफ होऊन राहिली, तरी बाई तिला म्हणायला लावत्यात."

"तकलीफ?"

"दम लागतो म्हणं तिला. कोण हाय बाई ती?"

सरिताबाईंची नजर आत, उजवीकडच्या बाकाकडं गेली. हाजराबीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी बाईंनी नीट कान देऊन ऐकलं. ओळीच्या मधोमध आवाज तुटत होता. श्वास छातीत घरघरत होता, अगदी शेवटच्या दिवसांसारखा. इतके दिवस त्यांनी फक्त ते लांबवलेलं अक्षर ऐकलं होतं.

त्यांनी हात वर करून पोरांना थांबवलं. पान उलटलं. पुढचं स्तोत्र रूथला शिकवायचं राहूनच गेलं होतं. बाईंनी पहिली ओळ म्हटली, पोरांनी अडखळत दुसरी. उजवीकडं शांतता. मग तिकडून हळूच जुन्याच स्तोत्राची सुरुवात झाली, एकटीनं, वाट चुकल्यासारखी.

पोरं एकमेकांना बिलगली.

"बस झालं, रूथ," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तुला आता म्हणायचं न्हाई. नीज, माय."

आवाज अर्ध्या शब्दावर थांबला. बाईंनी तिसरी ओळ घेतली. त्यांनी स्तोत्र शेवटपर्यंत नेलं, आमेन म्हटलं आणि पोरांना वर्गात घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात आफिफा आली. दारात थबकून तिनं बराच वेळ कानोसा घेतला, मग आत येऊन बसली. तिला काय ऐकू आलं, हे बाईंनी विचारलं नाही.