कितवी खेप

आम्ही सलग चार सामने हरलो होतो आणि दोष कोणाचा, यावर ड्रायफोर्क गावात दोन मतं नव्हती. म्हणजे एक रुबेन ऑलिवारेझ सोडला तर. पण रुबेनचं काय, सगळं गाव होय म्हणालं की हा नाही म्हणणार. तीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने. बसमध्ये त्याला उलट बोलायची कोणाची छाती नव्हती, तीच सवय राहिलेली.

सोमवारी सकाळी नेल्डाच्या हॉटेलात आमचं टेबल भरायचं. टायरवाला हर्शेल, रुबेन आणि मी. मी कापसाच्या जिनवरून निवृत्त झालेला, त्यामुळे मला वेळच वेळ. पूर्वी अर्ल मॅशबर्नही असायचा. पण त्या वर्षी त्याचा पोरगा कोडी शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाताने फेकणारा म्होरक्या झाला, आणि तिसऱ्या पराभवानंतर अर्लने यायचंच बंद केलं. बरंच केलं. बापाच्या तोंडावर पोराचा उद्धार करायला आम्हालाही जड गेलं असतं.

"चेंडू आधी कोणाच्या हातात येतो? कोडीच्या," हर्शेल बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत म्हणाला. "फेकतो कोण? कोडी. मग हरवतो कोण?"

"अरे, फेकायला वेळ तर मिळू दे त्याला!" रुबेन म्हणाला. "त्याला राखायला पुढे पाच रेडे उभे केलेत. एक तरी जागचा हलतो का? शुक्रवारी मी मोजलं. बावीस वेळा आडवा केला पोराला. बावीस! तुझ्या दुकानातला जॅक दिवसभरात इतक्यांदा खाली-वर होत नाही."

"मार सगळेच खातात. आम्ही नाही खाल्ला? डोकं गरगरलं की अमोनिया हुंगायचा आणि परत मैदानात."

"म्हणूनच तुझं हे असं झालंय."

नेल्डा कॉफी ओतता ओतता फिस्सकन हसली. हर्शेलचे कान लाल झाले आणि तो माझ्याकडे वळला. "वेल्डन, तू तर अगदी जवळ असतोस. तूच सांग."

आता मी तोंडाचा फटकळ, हे गावाला ठाऊक आहे. आणि माझ्याकडे त्या दिवशी सांगण्यासारखं होतंही.

सामन्यात माझं काम पाटी धरायचं. मैदानाच्या कडेला आम्ही तिघे साखळीवाले. दहा यार्डांची साखळी. तिची पुढची काठी अर्लच्या हातात, मागची पोस्टमास्तरच्या, तो दोन्ही कानांनी ठार बहिरा. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यातली कितवी खेप चालू आहे, तो आकडा माझ्या पाटीवर. हा एवढाच्या एवढा आकडा, तिसऱ्या रांगेतल्या म्हातारीलाही चष्म्याशिवाय दिसावा असा. आम्ही उभे राहतो पाहुण्या संघाच्या बाजूला. आपले कोच, आपली माणसं, सगळी समोरच्या कडेला. आणि साखळीवाल्याने हूं की चूं करायचं नाही, हा नियम. टाळी नाही, आरोळी नाही. सोळा वर्षं अर्ल आणि मी तो पाळत आलो होतो. त्या वर्षी तर त्याचा स्वतःचा पोरगा डोळ्यांदेखत आपटला जायचा, आणि अर्ल काठी धरून खांबासारखा उभा.

"ऐका," मी म्हणालो. "शुक्रवारी, तिसऱ्या सत्रात. कोडीला माझ्या पायापाशी आडवा केला. उठला. माझ्यासमोर आला. पाटी त्याच्या नाकापासून हातभर लांब, तिच्यावर हा एवढा तीन. आणि मला विचारतो काय..." मी मान वाकडी केली, तोंडाचा चंबू केला, पोराचा आवाज काढला. "'मिस्टर वेल्डन, ही कितवी खेप आहे, सर?'"

हर्शेल इतका हसला की त्याला ठसका लागला. शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या फिरवून बसले आणि म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी आणखी रंगवून.

"घ्या! याच्या हातात दिलाय आमचा संघ!" हर्शेल डोळे पुसत म्हणाला.

रुबेन हसला नाही. "घाबरलंय पोर," तो म्हणाला. "बावीस वेळा आपटल्यावर तू स्वतःचं नावसुद्धा विसरशील. त्याला दोन आठवडे बसवा म्हणावं, बास."

"तेच तर मी म्हणतोय. बसवा!"

"तू त्याची लाज काढून म्हणतोयस. मी वेगळं म्हणतोय."

मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मी आणखी कॉफी मागवली.

दुपारपर्यंत ती गोष्ट टायरच्या दुकानात पोचली, तिथून जिनवर, तिथून शाळेत. मंगळवारी कोच गॅडिस गावातल्या मंडळींना सामन्याची फिल्म दाखवायला आले, तशी दर मंगळवारी दाखवतात. दिवे मालवण्याआधीच हर्शेल मागून ओरडला, "कोच, तुमच्या क्वार्टरबॅकला एक ते चार आकडे येतात का हो?" सगळा हॉल खदखदला. कोच यंत्राशी खटपट करत बसले. बुधवारी सरावाला त्यांनी सगळ्या पोरांसमोर कोडीला विचारलं म्हणे, "बसायचंय का तुला या शुक्रवारी?" एकाने मागून बोटं नाचवली, "कितवी रे, कितवी?" पोरगा म्हणाला, "नाही सर. मला काही झालं नाही. सगळं माहीत आहे मला."

सतरा वर्षांचं पोर. दुसरं काय म्हणणार होतं?

गुरुवारी मी त्याला हॉटेलसमोरून जाताना पाहिलं. लख्ख ऊन होतं. कपाळावर हात आडवा धरून, भिंतीच्या सावलीसावलीने चालला होता. मी हर्शेलला कोपराने ढोसलं. "बघ, तोंड लपवतोय."

आमच्याकडे एक रीत आहे. चौथं आणि शेवटचं सत्र सुरू झालं की सगळं मैदान चार बोटं वर करतं. बायाबापड्या, बॅंडवाली पोरं, पाद्रीसुद्धा. म्हणजे आता सगळा जोर लावा. त्या शुक्रवारी मात्र आमच्या बाजूच्या लोकांनी पहिल्याच खेपेला एक बोट वर केलं. दुसऱ्या खेपेला दोन. प्रत्येक खेपेला हजारभर हात वर, आणि आरोळी, "दुसरी, कोडी! दुसरी!" आपल्याच पोराला. मी समोरून पाहत होतो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला हसू आलं. आपण सोडलेली गंमत अख्ख्या गावाने उचलली की माणसाला बरं वाटतं.

साखळी पुढे नेताना अर्ल माझ्या जवळ आला. ओठ न हलवता त्याने विचारलं, "बोटं कसली दाखवतायत रे?"

"पोरांची थेरं," मी म्हणालो. "बोलू नकोस, नियम आहे."

तो काठी रोवून उभा राहिला. नियमाला पक्का माणूस.

दुसऱ्या सत्रात कोडीला दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा तो उठला तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खेळाआधी सगळी पोरं गोल करून उभी राहतात आणि क्वार्टरबॅक काय करायचं ते सांगतो. तसा गोल झाला. कोडी मध्ये गेला, आणि बोलायच्या आधी मान वर करून त्याने लोकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतोय की काय. पुढच्या खेपेला परत तेच. माझी पाटी दहा पावलांवर, तिच्याकडे बघायला लाजत असणार. पण लोकांची बोटं तो बघत होता, नीट, एका टोकापासून. ओठ हलत होते त्याचे.

तो मोजत होता. त्यांची चेष्टा चालली होती, आणि याला त्या बोटांशिवाय खरंच कळत नव्हतं.

पंच माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. एक शब्द टाकला असता, या पोराचं काही खरं नाही, थांबवा, तर त्याला शिट्टी फुंकावीच लागली असती. अर्लला हाक मारता आली असती. मी काय केलं सांगू? मी पाटीवरचा दोनाचा तीन केला. मनाला म्हटलं, सत्र संपत आलंय, मधल्या सुट्टीत कोचशी बोलू. आणि म्हटलं, आता बोललो तर लोक म्हणतील, सोमवारी हसत होतास ते?

पुढचा धक्का काही मोठा नव्हता. लहान पोरं अंगणात देतात तसा. कोडी पडला, उठला, आणि आपल्या संघाकडे जायच्या ऐवजी आमच्याकडे चालत आला. अगदी सरळ, शांतपणे. अर्लपासून पाच-सहा पावलांवर गुडघ्यांवर बसला आणि मग तोंडावर पडला. अर्लने काठी टाकली. सोळा वर्षांत त्याने सामना चालू असताना काठी टाकलेली मी तेवढी एकदाच पाहिली. समोरच्या बाजूला अजून काही जणांची चार बोटं वर होती.

शनिवारी सकाळी रुबेन आणि मी लबकच्या हॉस्पिटलात गेलो. ऐंशी मैलांत रुबेन एकच वाक्य बोलला. "घाबरलाय म्हणालो मी. च्यायला, मीही गाढवच."

कोडीला मशीनवर ठेवलं होतं. डोक्यात सूज होती आणि तिला जागा नव्हती, असं काहीसं डॉक्टरने सांगितलं. तरणाताठा डॉक्टर, रात्रभर जागलेला. आशा ठेवू नका, हे त्याने अशा पद्धतीने सांगितलं की अर्लची बायको जोलीन त्यालाच म्हणाली, "बसा तुम्ही जरा."

तो बसला नाही. त्याने विचारलं, "हा मार कालचा एकटा नाही. आधी एक बसलाय, आठवड्याभरापूर्वी. तेव्हा कोणाच्या काही लक्षात आलं होतं का? विसरणं, गोंधळणं, तेच तेच विचारणं? कोणाला काही बोलला होता?"

"डोकं दुखतं म्हणायचा," जोलीन म्हणाली. "खोलीत पडदे लावून झोपायचा. मला वाटलं, हरलेत म्हणून रुसलाय. मी रागावले त्याला. म्हटलं, लोक बोलतात तेवढं मनावर घेऊ नये."

"विसरणं?"

"नाही हो. एक अक्षर बोलला नाही कोणाला. असंच आहे माझं पोर, मेलं तरी सांगणार नाही."

"कळलं असतं तर खेळू दिलं नसतं त्याला," डॉक्टर म्हणाला. "पंधरा दिवस आराम, एवढंच लागलं असतं." आणि त्याला आत बोलावणं आलं म्हणून तो गेला.

रुबेन माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे. मला वाटलं होतं, कोणाला न कळता हे निसटून जाईल. देवाशपथ सांगतो, त्या क्षणीही मला तेच वाटलं होतं.

अर्ल हळूच म्हणाला, "वेल्डन. ती बोटं कशाची होती?"

मग मी सांगितलं. शुक्रवारचं, सोमवारचं, नेल्डाच्या हॉटेलातलं. पोराचा आवाज काढून दाखवला होता, तेही. तो मारेल असं वाटत होतं आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता ऐकत राहिला, सामन्यात राहायचा तसा. ऐकून झाल्यावर जोलीनकडे वळला. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्याने सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "त्याच दिवशी सांगितलं होतं. वेल्डनला."

जोलीनला ते समजायला वेळ लागला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी साधा होता, एखाद्याला पत्ता विचारावा तसा. "मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

हे मी हॉटेलात कोणाला सांगितलं नव्हतं. माझी गंमत त्या आधीच संपायची.

"डोळे फुटले का रे, पाटी बघ, असं म्हणालो," मी म्हणालो. "तो म्हणाला, 'सॉरी, सर.' आणि परत खेळायला गेला."