माझे नाव 'इतर'

मी एक जुना कप्पा आहे. लाकडाचा नाही, पत्र्याचाही नाही. मित्रांनो, मी संगणकाच्या पडद्यावर राहतो.

पुस्तके वाचायचे एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणा एकाच्या मालकीचे नाही. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी ते मिळून लिहिले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. त्यात काही बिघडले की लोक तक्रार लिहितात आणि ती आम्हा कप्प्यांपैकी एकात जाते. 'पाने', 'अक्षरे', 'आवाज' हे माझे थोरले भाऊ. मी शेंडेफळ. "असू दे एक, अडीअडचणीला," म्हणत त्या हौशी लोकांनी मला घडवले आणि नाव ठेवले 'इतर'.

भावांना सांभाळायला एकेक माणूस मिळाला. मी सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही!

एकदा बस चालवणाऱ्या एका आईने लिहिले, "माझ्या लेकीची नजर अधू आहे. मी अक्षरं मोठी करून देते, पण पान उलटलं की ती परत मुंगीएवढी होतात. मी कामावर गेल्यावर तिच्याशेजारी कोण बसणार? आता ती पुस्तकच उघडत नाही."

तक्रार 'अक्षरे'कडे गेली. तो कप्पा सांभाळणाऱ्या दादाने तिच्याखाली लिहिले, "अक्षरं मोठी होतायत ना? मग माझं काम चोख आहे. 'पाने'त टाका."

'पाने' सांभाळणारी ताई उसळली. "वा रे शहाण्या! पान तर नीट उलटतंय. माझ्या गळ्यात कशाला?"

"मग टाक 'इतर'मध्ये."

"टाकली. सुटले बाई एकदाची!"

कोण सुटले? ती मुलगी सुटली का? माझ्यात पडलेल्या तक्रारीला ना आई ना बाप. त्यात नियम असा, की बरेच दिवस कुणी काही बोलले नाही तर तक्रार आपोआप बंद. बोलणार कोण? झाली बंद. आईने पुन्हा उघडली. पुन्हा बंद! मग तिने एवढेच लिहिले, "अहो, कुणी आहे का?" मला तोंड असते तर मी असा ओरडलो असतो, की सगळ्यांचे पडदे हादरले असते.

पुढे कप्पे आवरायची टूम निघाली. नवी नावे, नवे रंग. "याला 'किरकोळ' म्हणू या," दादा म्हणाला. किरकोळ! एका लेकराचे वाचन सुटले, ते किरकोळ?

मला रंग देण्याआधी ताईने सहज आत डोकावले. बसवाल्या आईची तक्रार वाचली. तिच्याखालीच स्वतःचे 'सुटले बाई' वाचले. मग ती माझ्यातल्या बाकीच्या तक्रारीही वाचत गेली.

"दादा, हे तुझंही आहे आणि माझंही," ती शेवटी म्हणाली. "आणि अशा किती पडल्यात इथे! एकाचा हात थरथरतो, एकीला रंग ओळखू येत नाहीत. आपण कप्पे केले आपल्या कामाच्या वाटणीवरून. माणसाचं काय अडतं, ते विचारलंच नाही."

"मग एक नवा कप्पा कर," दादा वरमून म्हणाला. "दोघं मिळून सांभाळू."

त्याचे नाव ठेवले 'वाचताना अडते'; माझे 'इतर'च राहिले. दोघे एकत्र बसले, तेव्हा कळले की पान उलटताना सॉफ्टवेअर अक्षरांचे माप विसरत होते. दुरुस्ती दुपारच्या चहाआधी आटोपली. एवढ्यासाठी इतके दिवस!

काही दिवसांनी आईने लिहिले, "काल घरी आल्या आल्या लेकीला हाक मारली. म्हणते कशी, 'आई, जरा गप्प बस ना, माझं शेवटचं पान आहे!'"

मित्रांनो, आज सकाळी पुन्हा कुणीतरी विचारले, "ही कुठे टाकू?" उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच. टाका बापडे! पण टाकून पाठ फिरवू नका. अधूनमधून या, आत डोकावा, शेवटपर्यंत वाचा. माझ्यासाठी नव्हे हो. आत कुणीतरी विचारत असते, "अहो, कुणी आहे का?"