खांदे सोलणारी पिशवी

मी एक पाठपिशवी. कॅनव्हासची, शेवाळी रंगाची, दोन रुंद पट्ट्यांची. माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर एवढंच आलं असेल की ही पिशवी खांदे सोलते. भाषणांतून सांगून सांगून ते सगळीकडे झालं. नाव एकदा खराब झालं की झालं, पिशवीची बाजू ऐकायला कोण बसलंय? पण आता ती भाषणंही थांबली आहेत. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

माझा जन्म शिवणाच्या दुकानातला. ताडपत्र्या, तंबू, ट्रकची छतं असलं जाडजूड काम तिथं व्हायचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकान वडिलांचं, पण त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, आणि मशीनवर थोरली मुलगी बसू लागली. तिला सगळे ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाची गिऱ्हाइकंसुद्धा. आई लवकर गेलेली. धाकटी बहीण कॉलेजात होती, तिला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ताई वडिलांवर गेली होती. उंच, रुंद खांद्यांची, सरळ पाठीची. भिंगरी आईवर गेलेली, ठेंगणी आणि उतरत्या खांद्यांची. हे ध्यानात ठेवा, माझी सगळी कर्मकहाणी त्यात आहे.

एकदा दुकानात एक दाढीवाले गृहस्थ तंबू शिवून घ्यायला आले. दरवर्षी ते तरुण मुलामुलींचा एक गट घेऊन आशियाभर फिरायचे. बसनं, बोटीनं, मिळेल त्या गाडीनं जायचं, लोकांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर काम करायचं. संध्याकाळी एकत्र बसून आपल्याकडचं सांगायचं, त्यांच्याकडचं ऐकायचं, आणि परत आल्यावर ते सगळं इथल्या लोकांना सांगायचं. तंबूची शिवण बोटानं चाचपत ते ताईला म्हणाले, "तूच का येत नाहीस? तंबू फाटला तर शिवणारं माणूस लागेलच."

ताई हसली. पण ते हसले नाहीत. "महिनाभरात सांग," म्हणाले आणि तंबू घेऊन गेले.

त्या रात्रीपासून ताई बदलली. काम करता करता मधेच मशीन थांबवायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. मग तिनं मनाशी सगळं जुळवलं. दुकान हाताखालचा कारागीर सांभाळेल, वडिलांना दिवसा घरातच राहणारी मावशी बघेल, संध्याकाळी भिंगरी आहेच. हिशेब सुटसुटीत होता, फक्त भिंगरीला विचारायचं राहिलं होतं. तयारी झाल्यावर एकदमच सांगू, असं तिनं ठरवलं आणि उरलेल्या कॅनव्हासचा एक चांगला तुकडा बाजूला काढला. तो तुकडा म्हणजे मी.

दुसऱ्याच्या पाठीचं माप घेणं सोपं असतं, स्वतःच्या पाठीचं म्हणजे कसरत. ताईनं दोन्ही खांद्यांना खडू फासला, भिंतीला पाठ टेकून ताठ उभी राहिली, आणि मग उमटलेल्या दोन खुणांमध्ये टेप धरला. एकटीच हसली. गिऱ्हाइकांची कामं उरकली की ती मला घेऊन बसे. खांद्यावर भार जिथं येईल तिथं तिनं तिहेरी टीप घातली. तळाला दुहेरी कापड लावलं. एकदा मला पाठीवर घेऊन ती दुकानातल्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मी तिच्या पाठीला अशी बसले की तिला हात मागं नेऊन मी आहे ना हे बघावं लागलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सुख.

शेवटचं बक्कल लावायचं राहिलं होतं, त्याच दिवशी भिंगरी धावत आली.

"ताई, मी जाणार आहे. दाढीवाल्यांच्या गटात. आमच्या कॉलेजच्या बाईंनी माझं नाव दिलं होतं, आज होकार आला." तिनं वडिलांच्या खाटेला एक फेरी मारली, मावशीच्या गळ्यात पडली, आणि मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अगं, पिशवी? माझ्यासाठी? तुला कसं कळलं?"

ताईच्या हातात बक्कल होतं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला काय कळत नाही?" ती म्हणाली.

एवढ्यावर सगळं मिटलं. दाढीवाले विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, "एका घरातून एक पुरे." ते म्हणाले, दोघी या. "आणि वडिलांना काय तंबूत घालून आणू?" असं म्हणून तिनं त्यांनाही हसवलं. लोकांना हसवून वाटेला लावण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं मला मांडीवर घेतलं आणि उसवायची सुरी उचलली. पट्टे आखूड करायचे, थोडे आत घ्यायचे, तासाभराचं काम. सुरी टाक्याखाली गेलीसुद्धा. मग तिनं ती काढून घेतली आणि डब्यात ठेवून दिली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मला आपलं वाटतं, निदान तिच्या मापाचं काहीतरी त्या वाटेनं जावं, असं तिला वाटलं असावं. ते चूक होतं का बरोबर, हे मी कसं सांगू? मी तिचीच शिवलेली.

मी भिंगरीबरोबर गेले. दहा महिने फिरले. ट्रकच्या टपावरून गेले, बोटीच्या तळाशी कुबट वासात झोपले, एका वाळूच्या रस्त्यावर गाडी रुतली तेव्हा चाकाखाली घालायला दगड वाहिले. आणि हो, खांदेही सोलले. नाकारून काय उपयोग? माझे पट्टे तिच्या खांद्यांवरून घसरायचे, मान कापायचे, माझा तळ तिच्या कमरेवर आदळायचा. डोंगरातल्या एका घरात म्हाताऱ्या बाईनं तिचे लाल खांदे बघितले, आत गेली, जुन्या लोकरीच्या दोन घड्या आणल्या आणि माझ्या पट्ट्यांखाली स्वतः शिवल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. बाई टाके घालताना बोलत होती आणि भिंगरी मान हलवत रडत होती.

परत आल्यावर भिंगरीची भाषणं सुरू झाली. शाळांत, वाचनालयांत, मंडळांच्या हॉलमध्ये. बोलायची मात्र छान. मला टेबलावर ठेवायची आणि सुरुवात ठरलेली असायची: "ही माझ्या ताईनं शिवलेली पिशवी. ताईचा हात शिवणाचा, पण माप घ्यायचं तेवढं राहून गेलं. एका गावात मला विचारलं, ही पिशवी तुझी का उंटाची?" हॉल हसायचा. मग ती गंभीर होऊन पुढचं सांगायची, तेव्हा तोच हॉल डोळे पुसायचा.

ताई मागच्या रांगेत बसायची. तीही हसायची. दुकानात गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "ताई, छत शिवा, पण त्या पिशवीसारखं नको हं." ताईच्या तोंडात टाचण्या असायच्या, ती नुसती मान हलवायची. तिच्या हातचं एक छत कधी फाटून परत आलं नव्हतं. एका वाक्यात सांगता आलं असतं तिला, पण ते वाक्य तिनं कधी उच्चारलं नाही. भिंगरीचा तरी काय दोष? ती प्रेमानंच सांगायची. अजाणता बोललेलं लागत नाही असं लोक म्हणतात, ज्यांना लागत नाही ते म्हणत असतील.

वर्षं गेली. वडील गेले, मावशी गेली. भिंगरी शाळेत शिकवू लागली, तिचं लग्न झालं, संसार झाला. अधूनमधून ती म्हणायची, "ताई, एकदा दोघी जाऊ कुठंतरी." ताई म्हणायची, "जाऊ की." पुढच्या वर्षी, परीक्षा संपल्या की, मुलीचं शिक्षण झालं की. 'जाऊ'ला कधी मुहूर्त लागला नाही. मी भाषणापुरती भिंगरीच्या हातात, एरवी ताईच्या फळीवर.

मग ताईचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. दाखल व्हायच्या सकाळी तिनं कपडे भरायला बॅग काढली तर तिची चेन तुटलेली. मला झटकलं, माझ्यात दोन गाउन, पंचा आणि चष्म्याचं घर घातलं आणि सवय असल्यासारखं मला पाठीवर घेतलं. दुकानातल्या आरशासमोर उभी राहून ती केस सारखे करत होती. तेवढ्यात भिंगरी दारात आली आणि तिथंच थांबली.

भिंगरी शाळेत शिकवत असली तरी पोरगी शिंप्याची होती. माप बसणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. माझे पट्टे ताईच्या खांद्यांवर सपाट बसले होते, तळ कमरेच्या वर बरोबर टेकला होता, कुठं एक सुरकुती नव्हती.

"ताई, ही तुला बसते," ती म्हणाली.

"जुनी झाली. कापड सैल पडलंय."

"कॅनव्हास सैल पडत नाही. तूच सांगायचीस."

ताईनं दिवा बंद केला. "चल, उशीर होतोय."

भिंगरी टॅक्सी बघते म्हणाली, पण ताईनं ऐकलं नाही, बसनंच जायचं म्हणाली. बसमध्ये जागा मिळाली तरी तिनं मला काढलं नाही. सीटच्या कडेला बसून ती खिडकीबाहेर बघत राहिली, रोजचाच रस्ता, तरी बघत राहिली. भिंगरी तिच्याकडे बघत होती.

दुपारी वॉर्डात गर्दी ओसरली. मी खाटेखाली होते. भिंगरीनं स्टूल पुढं ओढलं.

"तू जाणार होतीस ना ताई?"

"कुठं?"

"कुठं ते तुला माहीत आहे."

ताईनं चादरीची किनार बोटांत धरली. "टीप कच्ची आहे बघ," म्हणाली. मग किनार सोडून म्हणाली, "विचार होता. मग राहिलं."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

विसाव्या वर्षी कुणीच थांबत नाही. म्हणूनच तर ताईनं सांगितलं नव्हतं.

मग भिंगरी घाईघाईनं बोलू लागली. "खरं सांगू का, तसं विशेष काही नव्हतं गं. धूळ, पोटाचे हाल, तासन्‌तास गाडीची वाट बघायची. भाषणात आपण तिखटमीठ लावतो. तुला तर आवडलंच नसतं."

"खोटं बोलू नकोस," ताई म्हणाली. "तुझं खोटं मला तू बोबडं बोलायचीस तेव्हापासून कळतं. चांगलं होतं ना?"

भिंगरी खाली बघत म्हणाली, "फार चांगलं होतं."

"मग ते सांग. मी कशासाठी मागं राहिले, ते तरी मला कळू दे. पण हॉलमध्ये सांगतेस तसं नको. मला सांग."

आणि भिंगरीनं सांगितलं. उंच खिंडीतली पहाट सांगितली, ढग पायांच्या खाली होते आणि गटातल्या सातही जणांना शब्द फुटेना ती. नदीपलीकडच्या गावात सगळ्यांनी मिळून एका घराचं छप्पर चढवलं, ते सांगितलं. लोकरीच्या घड्या शिवणारी म्हातारी सांगितली. शेवटी म्हणाली, "आणि रोज संध्याकाळी आपल्याकडचं सांगायची पाळी आली की मी तुझंच सांगायचे. दुकान, मशीनचा आवाज, तू टाचण्या तोंडात धरून भांडतेस ते. तिकडं कितीतरी घरांत तू ठाऊक आहेस."

"म्हणजे मी थोडीफार फिरून आले म्हणायची," ताई हसत म्हणाली.

थोडीफार. ती हसली, पण मला तो शब्द फार लागला.

दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. ती परत आली नाही. नर्सनं तिचे कपडे आणि चष्मा माझ्यात भरून दिला. भिंगरीनं मला खांद्याला लावलं नाही, दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणलं.

नंतर एकदाच ती भाषणाला गेली. मला टेबलावर ठेवून ती उभी राहिली. पुढच्या रांगेतला कुणी म्हणाला, "उंटाचं सांगा ना." भिंगरीनं माझा एक पट्टा सरळ केला. मग म्हणाली, "माप बरोबर होतं. पाठ माझी नव्हती." आणि खाली बसली. लोकांना काही समजलं नाही. त्यानंतर तिनं बोलावणी घेतली नाहीत.

आता मी भिंगरीच्या खोलीत खुंटीला असते. तिची मुलगी परदेशी निघाली तेव्हा मला मागायला आली होती. भिंगरीनं आधी तिच्या पाठीला टेप लावला आणि तिच्या मापाची नवी पिशवी आणून दिली. बरं केलं.

तुम्ही तरुण असाल, निघायच्या गडबडीत असाल. जरूर जा. मी पाहिलंय, जग खरंच जाण्याजोगं आहे. पण कुणी तुमच्या हातात काही आयतं ठेवलं, तर क्षणभर थांबा आणि हे कुणासाठी केलं होतं, एवढं विचारा. उत्तर ऐकून मग हवं तर जा.

माझं म्हणाल, तर मी वाळवंट ओलांडलं, समुद्र ओलांडला, ढगांच्या वर जाऊन आले. जिच्यासाठी मला बेतलं होतं, तिच्या पाठीवर मी बसचे तीन थांबे गेले.