कढईचं झाकण

मंजुषानं व्यायामाचे कपडे निवडायला जेवढा विचार केला, तेवढा तिच्या वडिलांनी जावई निवडायलाही केला नव्हता. शिवणाऱ्या बायकांना मजुरी नीट मिळते का, रंगाचं पाणी नदीत सोडतात का, बूट उसवला तर दुरुस्त होतो का, सगळं विचारून झालं. तेव्हा कुठं एक हिरवा टी-शर्ट आणि बिनचामड्याचे बूट गारखेड्यातल्या घरी आले.

"बूट शाकाहारी आहेत, आत्याबाई," तिनं सासूला कौतुकानं सांगितलं.

"बरं झालं बाई, चतुर्थीला चालतील," सरूबाई म्हणाल्या. "आन् ह्यो शर्ट?"

"हा जुन्या कपड्यांपासून बनवलाय."

सरूबाई पिशोर गावच्या. त्यांच्या लेखी जुन्या कपड्याची वाट एकच, दारावर येणाऱ्या भांडेवालीच्या टोपलीत. कपडे द्यावेत, भांडं घ्यावं. सुनेनं पैसे मोजून कुणाचं तरी उतरलेलं अंगावर घालावं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी फक्त शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली. सरूबाई गप्प बसल्या की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

रविवारी क्रीडा संकुलात बायकांची दौड होती. दौडीआधी मंजुषानं माइकवर बोलावं, असं तिच्या धावण्याच्या गटातल्या रूपा नावाच्या मैत्रिणीनं ठरवून टाकलं होतं. विषय, अंगावरचा कपडा आणि आपली जबाबदारी. मंजुषाची तर लग्नात उखाणा घेतानाही बोबडी वळली होती! पण टी-शर्ट दाखवत बोलू, म्हणजे लोक त्याच्याकडं बघतील, आपल्याकडं नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

शनिवारी संध्याकाळी कपाट उघडलं, तर टी-शर्ट गायब. ओट्यावर मात्र नवी कोरी स्टीलची कढई लखलखत होती.

"आत्याबाई, माझा शर्ट?"

"कडूबाई भांडेवाली आल्ती, तिला देला. तूच म्हन्लीस ना, जुन्याचा हाय म्हनून? बूट बी दावले, पण ती पायताण घेत नाय. आन् झाकण मागितलं तर मेली म्हन्ती, एका शर्टात एवढंच."

रडावं की हसावं ते मंजुषाला कळेना. मग ती सरळ रडलीच.

सकाळी नवऱ्याची कॉलेजातली कबड्डीची जर्सी चढवून ती निघाली. पाठीवर 'पिशोरचे वाघ', त्यातला 'वा' कधीच उडालेला. मागं मागं सरूबाईही आल्या, जरा ओशाळलेल्याच.

मंजुषाच्या हातात माइक आला. पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. मग जे झालं तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"माझा शर्ट काल कढईवर गेला!"

बायका खो खो हसल्या. त्या हसल्या तशी हिची जीभ सुटली. शर्ट, कढई, कडूबाई, सगळं सांगून तिनं पाठ वळवली. "ही जर्सी लग्नाआधीपासूनची. अजून शिवण उसवली नाही. नवं घ्यायच्या आधी मी घरातलं कपाटच उघडलं नव्हतं बघा."

टाळ्या थांबेचनात. मंजुषाला वाटलं, आता आपण धावलो नाही तरी चालेल.

मंचावरून खाली उतरली, तर सरूबाई रूपाच्या शर्टाची बाही चिमटीत धरून उभ्या.

"ह्यो बी जुन्याचाच का गं, पोरी?"

"हो आजी! शंभर टक्के!" रूपा तोऱ्यात म्हणाली.

सरूबाईंनी सुनेकडं पाहिलं. डोळे लकाकले.

"मंजे, झाकणाचं झालं बघ."