वजनाची चिठ्ठी

"चहा घ्या, पण कागद पिशवीतच राहू द्या," काटेवाल्या आजोबांनी मला चौथ्या खेपेलाही दारातच बजावलं.

साठीपुढच्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास चालला होता आणि रक्त तपासायला संमतीची सही देतील अशी माणसं गावातून मिळवायचं काम माझ्या, म्हणजे नर्सबाईच्या, गळ्यात पडलं होतं. जो तो म्हणे, आधी काटेवाल्यांची सही आणा, मग आमची. आजोबांनी चाळीस वर्षं गोदामात धान्याची पोती तोलली होती आणि त्यांच्या वजनात कुणाला कधी खोट सापडली नव्हती. आता ते माझी खोट शोधत होते. रक्त जातं कुठे? कुणाला विकता का? कागदावर इतकं बारीक का छापता? तोंडाला फेस येईस्तोवर मी समजावलं. ते ऐकून घेत आणि माझ्या पिशवीवरची नजर काही हलवत नसत. मला रागच यायचा.

शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसातले लोक आले होते. सासूबाईंचं वजन केलं, रक्त नेलं, पुन्हा कुणी फिरकलं नाही. वर्षाच्या आत सासूबाई गेल्या.

"माल काट्यावर चढला की मालकाला चिठ्ठी द्यायची," आजोबा म्हणाले. "चिठ्ठी दिल्याशिवाय मी एक पोतं खाली उतरवलं नाही. तिची चिठ्ठी आणा, मग माझं बघू."

ऑफिसातली जुनी कपाटं उपसली. तिसऱ्या दिवशी कागद सापडला. वाचल्यावर तो दडवून ठेवायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण घेऊन गेले.

आजोबांनी चष्मा लावला आणि लाल खूण केलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हिमोग्लोबिन," मी म्हणाले. "बारा हवं. पाच होतं."

"हे तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"औषध होतं यावर?"

"होतं."

"दम लागायचा तिला," ते म्हणाले. "आम्ही म्हणायचो, वय झालं."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी उठून भिंतीवरच्या तारेत, जुन्या पिवळ्या चिठ्ठ्यांच्या वर, तो कागद ओवला. मी निघायला पिशवी उचलली, तर त्यांनीच माझा छापील कागद मागितला, आणि लगेच तो माझ्याकडे परत सरकवला.

"आधी तुम्ही लिहा. चिठ्ठी घेऊन स्वतः येईन म्हणून. खाली सही करा."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, शेजारी आपली सही केली आणि बाही वर सारली.