पाहुणे येईपर्यंत गोळी बंद

सुकन्याच्या छातीत धातूची झडप होती. लहानपणी ताप आला, घसा धरला, सांधे सुजले आणि त्या तापाने जाता जाता हृदयाची झडप खाल्ली; मग ऑपरेशन करून ही बसवली. खोली शांत असली की ती टिकटिकायची. वळ गावातल्या निम्म्या पोरींची लग्नं जुळवणारी हौसामावशी तर तिच्या आईला तोंडावर म्हणायची, "मंदे, तुझी पोर घड्याळ हाय. नवरदेव टाइम बघंल आन् पळंल."

टिकटिकीवर उपाय सोपा, टीव्ही मोठ्याने लावायचा. पण हातांवरच्या निळ्या डागांचं काय? झडपेवर रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवायची गोळी होती, जन्मभराची. एकही चुकवू नका, गुठळी झाली तर थेट मेंदूत जाईल, असं डॉक्टरांनी मंदाला बजावलं होतं. त्या गोळीमुळे नुसती बादली दंडाला लागली तरी काळंनिळं व्हायचं. तिला बघायला येणारे पाहुणे म्हणतील, पोरीला घरात मारतात. मंदाने गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या. "पाव्हणं जाऊ दे, मंग खा पोटभर."

सुकन्याने वाद घातला नाही. बघायला येणाऱ्या मुलाचा, पडघ्याच्या गोदामातल्या सुपरवायझर मिथुनचा, फोटो तिने मोबाइलवर इतका मोठा करून पाहिला होता की त्याच्या भुवईतला तीळही तिला पाठ होता. आणि हसतो कसला! डाग खरंच फिके पडले. टिकटिकही दबकी झाली, तेव्हा तर मायलेकी हरखूनच गेल्या. दम लागायचा. लग्न ठरताना कोणाला लागत नाही, म्हणाली हौसा.

रविवारी पाहुणे आले. जयभीम झाले, पोहे झाले. सुकन्या मुद्दाम आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून समोर बसली.

"नाव काय तुमचं?" मिथुनने विचारलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

नाव मनात लख्ख होतं, पण जीभ हलेना. उजवा हात मांडीवरून घसरला, तो उचलता येईना. ओठांचा एक कोपरा ओघळला. तिने आईकडे पाहिलं. मंदा डोळ्यांनीच दटावत होती, बोल की.

"लाजली गं," मिथुनची आई कौतुकाने म्हणाली. "अशीच पायजे. आमची मोठी सून लई बोलते."

सगळे हसले. हौसाने लगबगीने चमचाभर साखर सुकन्याच्या तोंडात घातली, आणि ती साखर ओठाच्या कोपऱ्यातून साडीवर सांडत राहिली.